मुंबईच्या भातखाचरांचें काय झालें?

पावसाळ्यांतील एखाद्या दिवशीं चार तास जोराचा पाऊस लागला आणि नेमकी त्याच वेळीं समुद्रास भरती आली, कीं परळजवळच्या हिंदमाता चौकांत पाणी सांचूं लागतें. कित्येक दशकें हा प्रकार घडत आलेला आहे. मोटारी अडतात, दुकानदार माल वरच्या फळ्यांवर चढवितात, आणि दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत महानगरपालिकेच्या नांवानें चार शब्द छापून येतात. २०२१ च्या सुमारास पालिकेनें जवळच्या मैदानांखालीं मोठमोठ्या टांक्या बांधून, भरती ओसरेपर्यंत तें पाणी तेथें सांठवून ठेवण्याची योजना हातीं घेतली. योजना समंजसपणाची आहे. परंतु पाणी याच चौकाकडे कां धांवतें, या प्रश्नाचें उत्तर गटारांच्या नकाशापेक्षां जमिनीच्या इतिहासांत अधिक सांपडतें. हा भाग बशीसारखा सखल आहे. पूर्वीं भरतीचें पाणी याच सखल पट्ट्यांत शिरत असे, आणि तें अडविल्यावर या पट्ट्यांत भात पिकत असे.

मुंबईंत भात पिकत असे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. शहराच्या मनुष्यास शहर जणूं आरंभापासूनच शहर होतें असें वाटत असतें. वस्तुतः कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम अशा सात लहान लहान बेटांचा हा समूह. या बेटांच्या मध्यें जो भाग होता तो धड समुद्र नव्हे आणि धड जमीनही नव्हे. ओहोटीच्या वेळीं चिखल तुडवीत माणसें त्यांतून पलीकडे जात. पायधुणी हें नांव त्याच येण्याजाण्याची आठवण देतें, आणि उमरखाडींतील खाडी आतां कोठें आहे असें कोणी विचारीत नाहीं. उंचवट्यावर माडांच्या वाड्या, त्यांच्या खालच्या अंगास भाताचीं खाचरें, आणि खाचरांच्या पलीकडे खार व खाजण, अशी या बेटांची साधी मांडणी होती. कोंकणच्या किनाऱ्यावरील कोणत्याही जुन्या गांवांत ती अजून पाहावयास मिळते.

या मांडणीची सर्वांत विश्वसनीय साक्ष गल्ल्यांच्या नांवांत आहे. फणसवाडी, केळेवाडी, फोफळवाडी, खेतवाडी हीं नांवें नगररचनाकारांनीं दिलेलीं नाहींत. तेथें जें उगवत होतें त्यावरून तीं पडलीं. चिंचपोकळींत चिंच आहे, ताडदेवांत ताड आहे. माडांची राखण करणारा व माडी काढणारा भंडारी, खाचरें कसणारा कुणबी व आगरी, आणि किनाऱ्यावरचा कोळी, हे येथील मूळचे लोक. त्यांतील कोळ्यांचे वाडे कोठें कोठें तगून राहिले. कुणब्याचें खाचर मात्र एकही उरलें नाहीं. तें कोणत्या क्रमानें गेलें, आणि प्रत्येक वेळीं तें कोणाच्या हातांतून कोणाच्या हातांत गेलें, हें पाहण्याजोगें आहे.

१६६१ च्या विवाह-करारानें पोर्तुगालच्या राजानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण दिली, आणि १६६८ मध्यें त्या राजानें ती वर्षास दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केली, ही गोष्ट शाळेंतील प्रत्येक मुलास पाठ असते. परंतु या देवघेवींत जमिनीच्या धन्यांचें काय झालें, हें पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतें. कोणती जमीन सरकारची व कोणती रयतेची याविषयीं इतके तंटे माजले, कीं अखेर गव्हर्नर जेरल्ड ऑंजिअर याच्या कारकीर्दींत जमीनधारकांशीं एक तडजोड करावी लागली. जमीनधारकांनीं मिळून दरसाल वीस हजार झेराफिन द्यावे, आणि कंपनीनें त्यांच्या जमिनींस हात लावूं नये, असें १६७० नंतरच्या चार-पांच वर्षांत ठरलें. मुंबईच्या जमिनीचा हा पहिला मोठा कागद. त्यावर जमीनधारकांची संमति होती. नांगर धरणाऱ्या कुळाची होती असें कोठें दिसत नाहीं. पण निदान त्याचें खाचर जागच्या जागीं राहिलें, आणि त्यावरचा ‘टोका’ नांवाचा सारा तें पिकवितच राहिलें.

मोठा पालट झाला तो बांधानें. वरळी आणि मुंबई या दोन बेटांच्या मध्यें महालक्ष्मीजवळ एक रुंद खिंडार होतें. भरतीच्या वेळीं समुद्र त्यांतून आंत घुसे आणि भायखळ्यापासून परळपर्यंतचा सगळा मधला प्रदेश बुडवून टाकी. हें खिंडार बुजविण्याचें काम विल्यम हॉर्नबी हा गव्हर्नर असतांना झालें. १७८४ च्या सुमारास तें पुरें झालें. पोर्तुगीज भाषेंतील बांधाच्या शब्दावरून त्यास वेलार्ड म्हणूं लागले. बांध वारंवार ढांसळत असतां रामजी शिवजी प्रभु या स्थापत्यकारास देवीनें दृष्टांत दिला, समुद्रांतून मूर्ति निघाली, आणि तिची स्थापना केल्यावर काम टिकलें, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका सर्वश्रुत आहे. आख्यायिका म्हणून तिचा मान ठेवूनही एवढें सांगितलें पाहिजे, कीं कोंकणांतील शेतकऱ्यास खाडीवर बांध घालण्याची विद्या नवी नव्हती. खारीस बांध घालावा, त्यांत उघाडी ठेवावी, ओहोटीस पावसाचें पाणी बाहेर सोडावें, भरतीस समुद्राचें पाणी बाहेरच अडवावें, दोनतीन पावसाळे जमीन धुऊं द्यावी, आणि मग तींत खारें भात टाकावें, हें ज्ञान पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें होतें. हॉर्नबीचा बांध मोठा होता, इतकेंच.

बांध झाला, आणि मधली जमीन वर आली. ती एकदम शहराच्या उपयोगी पडण्यासारखी नव्हती. भरतीच्या पातळीहून ती खालीच होती. म्हणून कंपनी सरकारनें तिचे तुकडे हलक्या खंडानें लागवडीस दिले. या पद्धतीस ‘फोरास’ म्हणत. पडीक व खारवट जमीन सुधारून पिकाखालीं आणण्याबद्दल द्यावयाचा अल्प खंड, असा त्याचा अर्थ. फोरास रोड हें नांव पुढें भलत्याच कारणानें लोकांच्या तोंडीं झालें. पण त्याचें मूळ या निरुपद्रवी शेतीच्या खंडांत आहे. ज्यांनीं खंडानें जमीन घेतली त्यांनीं तींत श्रम व पैसा घातला, आणि मग ती नक्की कोणाची, असा वाद उभा राहिला. १८५१ च्या सहाव्या कायद्यानें तो मिटविण्यांत आला: ठरलेला खंड देत राहावें, आणि जमीन धारण करणारानें ती आपली समजावी. हा दुसरा कागद. तो वरकरणीं शेतीच्या फायद्याचा होता, परंतु त्याचा खरा परिणाम निराळा झाला. जमीन पक्क्या मालकीची झाली म्हणजे ती विकतां येते; आणि ज्या वेळीं हा कायदा झाला, त्यानंतर दोनच वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली. भाताच्या जमिनीस गिऱ्हाईक चालून येत होतें.

या ठिकाणीं परळच्या एका वास्तूकडे क्षणभर वळणें उचित होईल, कारण भोवतालच्या जमिनीची सारी कुंडली तींत आढळते. पोर्तुगीजांच्या काळीं तेथें ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ होता. अठराव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांनीं तो ताब्यांत घेतला, आणि पुढें ती गव्हर्नरांची हवा खाण्याची जागा झाली; वेलार्ड बांधविणारा हॉर्नबी स्वतः तेथें राहत असे. भोंवतीं आमराया व शेतें, गांवापासून दूर, शांत असें तें ठिकाण. शंभर वर्षांत ती शांतता नाहींशी झाली. शेजारीं गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं, सखल जमिनींत सांडपाणी व केरकचरा सांचूं लागला, रोगराई वाढली, आणि १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत गव्हर्नरांनीं मलबार हिलचा रस्ता धरला. १८९९ मध्यें त्याच वाड्यांत डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. मठ, उद्यानगृह आणि रोगसंशोधनाची शाळा, एवढीं तीन स्थित्यंतरें एकाच छपराखालीं झालीं. वाडा मात्र पाडला गेला नाहीं. शेजारच्या शेतांचें भाग्य तितकें नव्हतें.

१८५४ मध्यें कावसजी नानाभाई दावर यांनीं पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्यें ताडदेवास ती गिरणी सुरू झाली. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६४ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. बाजार कोसळल्यावर १८७२ मध्यें ती ६,४४,४०५ वर आली. समुद्र बुजवून जमीन विकण्यासाठीं निघालेल्या कित्येक कंपन्या त्या लाटेंत बुडाल्या. पण गिरण्या बुडाल्या नाहींत. एकोणिसावें शतक संपतांना त्यांची संख्या ऐंशींच्या घरांत गेली होती, आणि त्यांपैकीं बहुतेक ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या पट्ट्यांत होत्या. हा पट्टा त्यांनीं कां निवडला? कोट आणि जुनें शहर गजबजलेलें व महाग. येथील जमीन सखल म्हणून स्वस्त. दोन्ही बाजूंस दोन आगगाड्यांचे रस्ते. आणि वाफेच्या यंत्रास लागणारें पाणी तळीं खणून सांठविण्यास खाचराची जमीन सोयीची. जो सखलपणा भातास उपकारक, तोच गिरणीसही उपकारक ठरला. राहण्यास मात्र तो अपकारक होता, आणि गिरणी आली कीं तिच्या पाठोपाठ माणसें राहावयास येतातच.

तीं माणसें आलीं कोठून? मुख्यतः रत्नागिरीकडून, आणि साताऱ्यासारख्या घाटावरच्या जिल्ह्यांतून. कोंकणांतल्या कुणब्याचें खाचर वाटण्या होऊन होऊन एवढें लहान झालें, कीं त्यावर घराचें पोट भरेना. म्हणून तो बोटींत बसून मुंबईस आला, आणि मातीचा व कचऱ्याचा भराव घालून बुजविलेल्या दुसऱ्या कोणाच्या खाचरावर उभ्या असलेल्या चाळींत, एका खोलींत सातआठ जणांसह राहूं लागला. पावसाळ्यांत खालच्या मजल्यांत पाणी येई. आपण भाताच्या जमिनींत राहतों आहों हें त्यास कोणी सांगितलें नसेल. पण असल्या जमिनींत पाणी कोठून व कां येतें, हें त्याच्याइतकें चांगलें गिरणीच्या मालकासही ठाऊक नसावें.

माडांच्या वाड्यांची गत याच सुमारास झाली. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर माडीच्या झाडांवरील कराचा बोजा वाढला, आणि इकडे घरभाड्याचें उत्पन्न वाढत गेलें. तेव्हां माड तोडून चाळ बांधणें हा साधा हिशेबाचा प्रश्न झाला. गिरगांवांतील कित्येक वाड्यांत माड गेला व ‘वाडी’ हा शब्द तेवढा राहिला. त्या शब्दास नवा अर्थ आला: एका दरवाजाच्या आंत दाटीनें उभ्या असलेल्या चाळी.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग प्रकटला, आणि माणसें शहर सोडून पळूं लागलीं. कोंदट वस्तींत रोग वाढतो हें कळून चुकल्यावर १८९८ मध्यें कायद्यानें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढणें आणि उत्तरेकडे मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती वसविणें, अशीं त्याचीं दोन कामें. दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथील नवी वस्ती ही त्याची सर्वांत मोठी कृति. १८९९-१९०० च्या सुमारास तिची आंखणी झाली, आणि तेथील भाताची जमीन सक्तीनें संपादन करण्यांत आली. भराव घालण्यांत, रस्ते व गटारें बांधण्यांत वर्षें गेलीं. हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी यांतील घरें पुष्कळशीं पहिल्या महायुद्धानंतर उठलीं. झाडांनीं वेढलेले सरळ रस्ते, मधूनमधून मोकळीं मैदानें, घराघरांत उजेड व वारा: मध्यमवर्गीय मराठी, गुजराती व दक्षिणी कुटुंबांस ट्रस्टनें जें दिलें त्याचें मोल कमी लेखतां येणार नाहीं. मुंबईंत शहाणपणानें आंखलेल्या ज्या थोड्या जागा आहेत त्यांत या वसाहतींची गणना केली पाहिजे.

परंतु जमाखर्चाची दुसरी बाजूही आहे. पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टनें जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहींत. पाडलेल्या खोल्यांतील गरीब भाडेकरू शेजारच्या वस्तींत शिरले आणि ती अधिक दाट झाली. आणि शेतकऱ्याचें म्हणाल तर, संपादनाच्या कायद्यांत जमिनीची किंमत द्यावयाची ती बाजारभावानें. तो बाजारभाव भातशेताचा समजावयाचा कीं उद्यांच्या इमारतीच्या जागेचा, हा वाद मालक व सरकार यांच्यामधला होता. जो खंडानें कसत होता त्याचा या वादाशीं संबंध नव्हता. दोहोंपैकीं कोणीही जिंकला तरी पुढल्या मृगांत त्याच्या हातीं नांगर धरावयास जमीन नव्हती.

१९२० मध्यें सरकारनें स्वतंत्र विकासखातें काढलें, आणि वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें दोनशेंहून अधिक चाळी बांधल्या; त्याच बी. डी. डी. चाळी. पुढें बेट भरलें, आणि शहर खाडी ओलांडून साष्टींत गेलें. १९५० मध्यें मुंबईची हद्द अंधेरी-कुर्ल्यापलीकडे गेली, १९५७ मध्यें दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोंचली. साष्टीचीं भातखाचरें, मिठागरें, वाड्या यांचा इतिहास बेटाच्या इतिहासाहून फारसा वेगळा नाहीं. फक्त जें बेटावर दीडशें वर्षांत घडलें तें तेथें चाळीस वर्षांत उरकलें. मिठी नदीच्या मुखाशीं असलेल्या खाजणांत १९७० नंतरच्या दशकांत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उठविण्यास आरंभ झाला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि मिठीच्या कांठचीं घरें पाण्याखालीं गेलीं. इतका पाऊस कोठेंही अनर्थच करणार, हें खरें. पण पाण्यास पसरण्यासाठीं जें खाजण होतें तें आधींच कार्यालयांच्या इमारतींनीं व्यापलेलें होतें.

खाडीपलीकडील कथा मात्र थोडी निराळी आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं १९६५ मध्यें मुंबईच्या समोरील किनाऱ्यावर जोडशहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० मध्यें सरकारनें त्यासाठीं सिडको ही संस्था स्थापिली. ठाणें व कुलाबा (आतां रायगड) जिल्ह्यांतील ९५ गांवांची जमीन या कामीं घ्यावयाची होती. येथेंही तीच भाताचीं खाचरें, तींच मिठागरें, तेच आगरी व कोळी. परंतु दादरचा कुणबी जसा निमूटपणें गेला तसे हे गेले नाहींत. दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं लढा उभारला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई व दास्तानफाटा येथें पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत पांच शेतकरी मारले गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या मोबदल्यांत विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ धारकांस परत देण्याची योजना आली. मुंबईच्या तीनशें वर्षांच्या इतिहासांत, जमिनीचा उपयोग पालटतांना तिच्या कसणारास नव्या शहरांत वांटा असावा, असें कागदावर आलें तें येथें. आणि तें पांच माणसें गेल्यावर आलें.

इकडे बेटावर जमिनीचा आणखी एक फेरा व्हावयाचा होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधीं रीतसर मिटलाच नाहीं. एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, आणि ज्या खाचरांवर त्या उभ्या होत्या ती सुमारें सहाशें एकर जमीन, आतां शहराच्या ऐन मध्यावर आलेली, कापडापेक्षां कितीतरी मोलाची झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें ठरलें कीं, विकासास काढलेल्या गिरणीच्या जमिनीचे ढोबळ मानानें तीन भाग करावे: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठीं, एक सार्वजनिक घरांसाठीं, एक मालकासाठीं. नियम न्यायाचा होता. त्यामुळें मालक पुढें येईनात. मग २००१ मध्यें नियमांत दुरुस्ती झाली: वांटणी व्हावयाची ती सबंध जमिनीची नव्हे, तर आधींच मोकळ्या असलेल्या जमिनीचीच. गिरणीच्या आवारांत मोकळी जागा ती किती असणार? सारें आवार सांचेखातीं, गोदामें आणि कचेऱ्या यांनीं भरलेलें. एका शब्दाच्या अर्थांत शहराचीं उद्यानें व कामगारांचीं घरें यांचा मोठा भाग विरून गेला. २००५ मध्यें उच्च न्यायालयानें तो अर्थ फेटाळला; २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो पुन्हा कायम केला.

सांचेखात्यांच्या जागीं मनोरे, कचेऱ्या व बाजारपेठा उभ्या राहिल्या. क्वचित् एखादें धुराडें शोभेसाठीं राखून ठेवलें गेलें. सरकारच्या वांट्यास जी जमीन आली तिच्यावर बांधलेल्या घरांसाठीं २०१२ पासून गिरणी कामगारांच्या नांवांच्या सोडती निघूं लागल्या. अर्जदार फार आणि घरें थोडीं. तेव्हां शहराबाहेरचीं घरें सोडतींत घालावीं लागलीं. २०१६ मध्यें निघालेली सोडत कोन येथील घरांची होती. परळच्या चाळींतून कोनला जावयाचें तर खाडी ओलांडावी लागते, आणि ज्या ९५ गांवांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी आहे त्यांच्याही पलीकडे जावें लागतें. कोन हें रायगड जिल्ह्यांतील पनवेल तालुक्यांत आहे, आणि हा तालुका भाताचा आहे.